एकाच अंगाच्या खुणा

गावातल्या निम्म्या पाट्या थोरलीच्या हातच्या होत्या. न्हाव्याच्या दुकानापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत कुठेही नजर टाकली, तरी तिचं वळणदार अक्षर दिसायचं, म्हणून सगळे तिला पेंटरबाई म्हणत. फ्लेक्स आल्यावर पाट्या आटल्या. पण एक काम तिच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं, जंगलातल्या गोल वाटेवर खुणा रंगवण्याचं. चौकातून निघायचं, ओढ्याच्या काठानं रोपवाटिकेपर्यंत जायचं, तिथून टेकाडाच्या अंगानं फिरून पुन्हा चौकात यायचं. नऊ किलोमीटर. गावाच्या कचेरीनं छापलेल्या माहितीपत्रकात त्यापुढे ‘मध्यम’ असं लिहिलं होतं, म्हणजे म्हाताऱ्यांनी जरा विचार करावा आणि तरण्यांनी बढाई मारू नये, इतपत.

या वर्षी पत्रक नव्यानं छापायचं ठरलं आणि कचेरीनं एक मोजणीवाला पाठवला. काठीला लावलेलं एक चाक त्याच्याजवळ होतं, दर मीटरला ते टक् करायचं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, आणि उरलेलं सगळं बोलणं तेवढ्यात संपवायचं असल्यासारखा तो बोलायचा.

“आज उलटं जायचं,” तो चौकात उभं राहून म्हणाला. “आधी टेकाड, मग ओढा.”

“उलटं कशाला? सगळे सुलटेच जातात. पत्रकात बाण आहे.”

“नियम आहे, बाई. गोल वाट दोन्हीकडून चालून बघायची, मगच सोपी, मध्यम की अवघड ते लिहायचं. इकडून चढ असतो तो तिकडून उतार असतो. माझ्या सासुरवाडीचंच बघा, जाताना लांब वाटते, येताना जवळ.”

थोरलीला हसू आलं, पण पाय काही उचलेना. तेरा वर्षांत ती या वाटेनं उलटी कधी गेली नव्हती. दर वर्षी थंडी सरली की पिवळ्या रंगाचा डबा डाव्या खांद्याला अडकवून निघायची, तारेच्या ब्रशानं सालीवरचं शेवाळ खरवडायची, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद पट्टी ओढायची, आणि पुढच्या झाडाकडे जायची. पन्नास पावलांवर एक खूण. बापानं शिकवलेला एक नियम तिनं कधी मोडला नाही: अक्षर काढलं की रस्ता ओलांडून पलीकडून वाचून बघावं. म्हणून प्रत्येक पट्टी ओढल्यावर ती वीस पावलं मागे यायची, आल्या वाटेनं, आणि डोळे बारीक करून बघायची. दिसली की पुढे.

वाट बरोबर मध्यावर जिथे वळते, त्या रोपवाटिकेत तिची सख्खी धाकटी बहीण राहत होती. अकरा वर्षं दोघींमध्ये शब्द नव्हता.

धाकटीनं लाकडं वाहणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरशी लग्न केलं तेव्हापासून आई तिच्यावर रुसली होती. रुसवा तोंडाचा होता, आतला नव्हता. आईला प्रत्येक गोष्टीवर दोन ओळी जुळवायची खोड होती. भाजी चिरतानासुद्धा गुणगुणायची:

*दोघी माझ्या लेकी गं, एक उंबरा, एक वाट,*
*उंबऱ्यावर उजेड सारा, वाटेवर धुकं दाट.*

“मी उंबरा का?” थोरली विचारायची. “तर काय,” आई म्हणायची, “तू कुठे जातेस. तुझ्यावर पाय देऊनच सगळे ये-जा करतात.” थोरली तेव्हा हसायची. पण आई शेवटची अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उठवायला, बसवायला, पुसायला थोरलीच होती, आणि आईच्या तोंडी नाव मात्र वाटेवरच्या लेकीचं. ते थोरलीला लागायचं. लागायचं, पण बोलायची नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी बाराला थोरलीनं रोपवाटिकेच्या ऑफिसात फोन केला. “आई जातेय. निघ.” पुलाचं काम चाललं होतं म्हणून बस बंद होती. “मी जंगलातून येते,” धाकटी म्हणाली. साडेचार किलोमीटर. रमतगमत आलं तरी दीड तास. आई संध्याकाळी सातला गेली. धाकटी आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, हायवेवरून दुधाच्या गाडीत बसून, चपला हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. थोरली उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “पन्नास पावलांवर एक खूण आहे, माझ्या हातची. आंधळासुद्धा येईल. तुला यायचंच नव्हतं, असं सांग ना सरळ.”

“ताई, खुणा नव्हत्या.”

“नव्हत्या?”

“एकही नव्हती.”

कोपऱ्यातली काकू म्हणाली, “झाडांनी पुसून टाकल्या असतील हो.” आणि त्या घरात, त्या दिवशी, दोघेतिघे हसले.

तिसऱ्या दिवशी थोरली खरंच जाऊन बघून आली. चौकातून निघाली, ओढ्याच्या काठानं गेली, टेकाडावरून फिरून आली. खुणा होत्या. एकूण एक होत्या, हळदीसारख्या पिवळ्या, एकीचाही पोपडा निघाला नव्हता. तिचा राग त्या दिवशी सिमेंटसारखा बसला. पुढे नात्यात ती म्हणच पडली. कुणी उशिरा आलं, कुणी सबब सांगितली, की लोक विचारायचे, “काय रे, खुणा नव्हत्या वाटतं?” थोरलीही म्हणायची. सगळ्यांत आधी तीच म्हणायची.

तर आज ती उलटी निघाली. बेकरीच्या मागच्या भिंतीवरून, लाकडाच्या वखारीवरून, लोखंडी फाटक उघडून टेकाडावर. मोजणीवाल्याचं चाक पुढे टक् टक् करत होतं. ऊन पानांतून गाळून पडत होतं आणि वाटेवर नेच्यांचे हात दोन्हीकडून पुढे आले होते, जसे लग्नघरात ओळखीचे नसलेलेही हात धरतात.

“खूण कुठाय?” मोजणीवाला म्हणाला.

“येईल पुढे.”

पन्नास पावलं झाली. शंभर झाली.

“बाई, तुम्ही रंगवता ना? की कचेरीकडून फक्त डबा घेता?”

“तुमचं चाक ओढा तुम्ही.”

दुबेळक्याच्या झाडाशी ती थांबली. हे झाड तिनं झोपेतही ओळखलं असतं. मुळापासून दोन हात वर दोन खोडं फुटलेली, आणि त्यातल्या उजव्या खोडावर ती दर वर्षी पट्टी ओढायची. समोर नुसती साल होती. करडी, ओली, शेवाळानं भरलेली. ती झाडाला वळसा घालून पलीकडे गेली. पट्टी तिथे होती. दोन महिन्यांपूर्वीचा रंग, अजून चकाकणारा.

“आहे की,” ती म्हणाली.

मोजणीवालाही वळसा घालून आला. “आहे, पण पाठीवर आहे. पाठीवरचा तीळ, बाई. आपला आपल्याला दिसत नाही, दुसऱ्यानं सांगावा लागतो.”

थोरली झपाझप चालू लागली. पुढच्या झाडाशी गेली, वळसा घालून बघितलं. त्याच्या पुढच्या झाडाशी गेली. मग वळसे घालायचं थांबवलं. तेरा वर्षं ती प्रत्येक खुणेपासून वीस पावलं मागे येऊन बघत होती, दर वेळी त्याच बाजूनं. वाचणाऱ्याच्या जागी उभं राहा, बाप म्हणायचा. वाचणारा गावातूनच येतो, असं बाप म्हणाला नव्हता. ते तिनं आपलं आपण धरलं होतं.

“इकडून येणाऱ्याला एकही दिसत नाही हो,” मोजणीवाला वहीत लिहीत म्हणाला. “इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही?”

“नाही.”

“करणार कसे? वाट चुकलेला माणूस घरी जाऊन सांगतो का? लाजतो. म्हणतो, जरा लांबून आलो, हवा छान होती.”

“एकीनं केली होती,” थोरली म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही.”

मोजणीवाल्यानं तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच पुढचं वाक्य गिळलं. चाक टक् टक् करत उतरू लागलं.

रोपवाटिकेची हिरवी जाळी झाडांतून दिसायला लागली. आत नळीनं पाणी घालत कुणीतरी बोलत होतं, “त्या ट्रेला नको, तो कालच भिजवलाय.” आवाज थोडा जाड झाला होता, पण तोच होता. थोरली फाटकावरून पुढे गेली. आधी बघू दे, असं ती मनाशी म्हणाली. टेकाडाच्या अंगाला नसतील खुणा, ओढ्याच्या अंगाला असतील. धाकटी आली ती ओढ्याच्या अंगानं. तिथे एक जरी दिसली, एकच, तरी माझं काही तरी खरं ठरेल.

ओढ्याकाठचे सातशे मीटर ती एकेक झाड बघत चालली. मग तिवाटा आला. डावीकडे लाकडांच्या ट्रकनं रुंद केलेला कच्चा रस्ता, दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, डोळ्याला सरळ पुढे ओढून नेणारा. उजवीकडे, दोन झुडपांच्या मधून, ओढ्याच्या काठाला लगटून, शेळी जाईल एवढी फट. गावातून आलं की इथे तीन खुणा दिसायच्या, एकाखाली एक, कारण इथेच माणूस चुकेल हे तिनंच ओळखलं होतं. त्या तीन पट्ट्यांचा तिला अभिमान होता.

मोजणीवाला न थांबता डावीकडे वळला. टक् टक् टक्. चाळीस मीटर गेला असेल.

“अहो,” थोरली म्हणाली. मग हात उंचावून मोठ्यानं हाक दिली. “अहो, तिकडे नाही. तो हायवेला जातो.”

“मग इकडे कुठाय वाट?”

ती जागच्या जागी उभी राहिली. इथे. इथे उभी राहून धाकटीनं खूण शोधली असणार. दुपारचा एक वाजला असेल. घाईत असणार, आई जातेय म्हणून. झाडाकडे बघितलं असणार, दुसऱ्या झाडाकडे बघितलं असणार, आणि ताईनं रंगवलंय म्हणजे असणारच या विश्वासानं पुढे, रुंद रस्त्यानं, पुढच्या झाडावर असेल, त्याच्या पुढच्या झाडावर असेल, असं करत गेली असणार. त्या रस्त्याला पुढे चार फाटे फुटतात; त्यांत भरकटतानाच रात्र झाली असणार.

“तुम्ही इथे अर्धा तास बसा,” ती मोजणीवाल्याला म्हणाली. “मला मागे जायचंय.”

“बसतो की. कचेरीतल्या माणसाला बस म्हणून सांगावं लागत नाही.” तो ओंडक्यावर टेकला आणि थर्मास उघडू लागला. तिचा चेहरा बघून त्यानं एक कप पुढे केला, पण ती वळली होती.

धाकटी शेडमध्ये बाकासमोर उभी राहून कलमं बांधत होती. काडीला तिरका छेद, खुंटाला तिरका छेद, दोन्ही जखमा एकमेकींवर, वर पट्टी. केस पुढून पांढरे झाले होते. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. चाकू थांबला नाही.

“वाट चुकलीस?” ती म्हणाली.

“नाही. आज उलटी आले. टेकाडाकडून.”

“हं.”

“खुणा दिसत नाहीत.”

“नाही दिसत.”

“तिवाट्यावरसुद्धा.”

“तिवाट्यावर तर नाहीच.”

थोरली एक पाऊल पुढे आली. “तू खोटं बोलली नव्हतीस.”

“हे तू मला सांगतेस?”

नळीचं पाणी कुठे तरी ठिबकत होतं. धाकटीनं एक कलम पुरं केलं, ट्रेमध्ये उभं केलं, दुसरी काडी घेतली.

“आई गेल्यावर आठवड्यानं मी तिथे परत गेले होते,” ती म्हणाली. “म्हटलं, एवढी सगळी माणसं म्हणतायत तर आपलंच डोकं फिरलं असेल. तिवाट्यावर उभी राहिले. काही दिसेना. मग चिडून त्या झाडाला लाथ घालायला म्हणून पुढे गेले, तर पलीकडे तीन पट्ट्या. एकाखाली एक. इतक्या नीट रंगवलेल्या खुणा मी जन्मात बघितल्या नव्हत्या.”

“मग सांगायचं होतंस मला.”

“सांगितलं होतं की. खोलीभर माणसांसमोर सांगितलं होतं.”

“नंतर सांगायचं होतंस.”

“नंतर माझ्या नावाची म्हण झाली होती, ताई. ह्यांच्या पुतणीच्या साखरपुड्यात ऐकली मी. सांगणाऱ्याला माहीतही नव्हतं की ती मी.”

थोरली बाकाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. हाताला माती लागली, तिनं पुसली नाही.

“तू ओढ्याच्या अंगानं का आलीस त्या दिवशी?” तिनं विचारलं. प्रश्न तिच्याही कानाला आरोपासारखा लागला. “टेकाडाकडून आली असतीस तर सगळ्या खुणा समोर होत्या.”

“माहीत आहे. आता माहीत आहे.” धाकटीनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. “माझं लग्न झाल्यावर घरातलं कुणी इकडे फिरकत नव्हतं, तेव्हा तू एकटी यायचीस. आईला न सांगता, डब्यात काही तरी घेऊन. ओढ्याच्या काठानं यायचीस, संध्याकाळच्या बसनं परत जायचीस. मी फाटकात उभी राहायची. मला वाटलं, ताईची वाट आहे, ही चुकायची नाही.”

थोरलीला बसायचं होतं. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

“आणि दर वर्षी बघायची मी तुला,” धाकटी म्हणाली. “रंगाचा डबा घेऊन या कुंपणावरून जायचीस. मान खाली. मी इथूनच बघायची. वाटायचं, या वर्षी तरी एकदा मागे वळेल. दुसरं काही नाही, नुसती मान वळवायची होती. दिसलं असतं तुला. अकरा वर्षं मानेला काय झालं होतं गं तुझ्या?”

“राग होता.”

“राग होय. मला वाटलं, स्पाँडिलायटिस.”

दोघींनाही हसू आलं नाही.

“उद्यापासून दोन्ही अंगांना रंगवते,” थोरली म्हणाली.

“रंगव. लोकांचं बरं होईल. आठवड्याला दोघं-तिघं तरी चुकून इथे येतात. पाणी देते, वाट सांगते.”

“तू येशील? घरी?”

“कुणाकडे?”

धाकटीनं काडीला छेद दिला. वाकडा गेला. तिनं काडी टाकून दिली आणि चाकूकडे बघतच विचारलं, “एक सांग. त्या दिवशी आईनं मला विचारलं होतं का?”

या एका प्रश्नासाठी ती अकरा वर्षं थांबली असावी. बाकी सगळं तिला ठाऊक होतं.

“विचारत होती,” थोरली म्हणाली. “दुपारपासून.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही.”

“काय म्हणत होती?”

“आली का, एवढंच. दाराकडे बघायची आणि म्हणायची, आली का.”

धाकटीचा चेहरा सैल पडला. लहानपणी ताप उतरताना पडायचा तसा. इथे थांबली असती तर चाललं असतं, हे थोरलीला पुढे पुष्कळदा वाटलं. पण ती खरं सांगायला आली होती, आणि खरं सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं, अशी तिची समजूत होती.

“पाचच्या सुमाराला मी तिला म्हटलं, नको वाट बघू. ती यायची नाही.”

“तू म्हणालीस?”

“मला वाटलं, तू निघालीच नाहीस. सकाळपासून मी तिचं सगळं करत होते, आणि ती मात्र तुझंच नाव. मला राग आला होता.”

“मग आई काय म्हणाली?”

“काही नाही. भिंतीकडे तोंड केलं. मग पुन्हा नाही विचारलं.”

धाकटीनं चाकू बाकावर ठेवला. पाणी ठिबकणं थांबलं होतं की ऐकू येत नव्हतं, कोण जाणे.

“हे मला माहीत नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “मी समजत होते, आई माझी वाट बघत गेली. त्याचं वाईट वाटायचं. पण ते माझं होतं. ती बघत होती आणि मी चालत होते. शेवटपर्यंत दोघी एकाच वाटेवर होतो, असं वाटायचं मला. तेवढ्यावर काढली इतकी वर्षं.”

“मी मुद्दाम...”

“नाही गं, मुद्दाम कशाला. तू काहीच मुद्दाम करत नाहीस.”

ती बाकाला वळसा घालून आली. थोरलीला क्षणभर वाटलं, जवळ घेईल. पण ती शेडच्या बाहेर गेली, फाटकाशी, म्हणून थोरलीही गेली. धाकटीनं फाटक उघडून धरलं आणि हात लांब केला, दर आठवड्याला वाट चुकलेल्या दोघा-तिघांपुढे करत असेल तसा.

“ओढा उजव्या हाताला ठेवायचा,” ती म्हणाली. “तिवाटा लागेल. रुंद रस्ता दिसतो, तो घ्यायचा नाही. दोन झुडपांमध्ये फट आहे, तिथून शिरायचं. मग दगडांवरून ओढा ओलांडायचा, दगड शेवाळलेले आहेत, सांभाळून. तिथून दिसायला लागतं गाव.”

“मला माहीत आहे गं वाट.”

धाकटीनं फाटक ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.

थोरली निघाली. शेडमधून कलमाच्या चाकूचा आवाज पुन्हा सुरू होतो का, ते ती कान देऊन ऐकत राहिली. ओढ्याचा आवाज मोठा होईपर्यंत तो सुरू झाला नव्हता.